चोवीस नंबरचे फ्रॉक

नव्या शहरात घर शोधायचं ते शास्त्रीय पद्धतीनेच, असं चेकरने ठरवलं आणि तिथेच सगळं बिनसलं. (चेकर म्हणजे तयार कपड्यांच्या कारखान्यात शिलाई तपासणारा माणूस. कारखान्यात त्याच्या शब्दाला मान होता. घरात त्याचा शब्द बायको तपासायची.)

बदली होऊन दोन महिने झाले होते. मुक्काम होता ऑफिसांच्या गल्लीतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत. तिथे सहा वर्षांची लेक एकटीच लपाछपी खेळायची. स्वतःच लपायची, कुणी शोधायला येत नाही म्हणून अर्ध्या तासाने स्वतःच बाहेर यायची आणि कपाटाला धप्पा द्यायची. बायकोने हे एकदा पाहिलं आणि निर्वाणीचं सांगितलं,

"अहो, या रविवारी घर ठरलंच पाहिजे. शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला एक तरी मैत्रीण हवी. तुम्हाला जमत नसेल तर मी ठरवते."

"तू कशी ठरवणार?"

"चार बायकांना विचारून."

"हे काय शास्त्र झालं?"

एजंटला प्रत्येक वस्ती 'एकदम फॅमिली एरिया' वाटायची. म्हणजे काय, तर दोन लिफ्ट, ऐसपैस पार्किंग आणि 'गवतावर पाऊल ठेवू नये' अशी पाटी लावलेली बाग. शहरं बांधणाऱ्यांनी आयुष्यात कधी मूल पाहिलेलं नसतं, गाड्यांना सावली मिळते आणि पोरांना पाट्या, या विषयावर चेकर तळमळीने पंधरा मिनिटं बोलला. एजंटने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगदी खरंय साहेब. लिफ्ट दाखवू?"

मग चेकरला ती कल्पना सुचली. वस्तीत मुलं किती, हे एजंट सांगणार नाही. पण कपडे वाळत घालायच्या दोऱ्या खोटं बोलत नाहीत! फ्रॉक वीस हातांवरून पाहून नंबर सांगण्यात तर त्याची हयात गेली होती. अठरा नंबर म्हणजे दोन वर्षांचं पोर, बावीस म्हणजे पाच. लेकीसाठी हवी होती चोवीस नंबरची मैत्रीण.

रविवारी दहा वाजता एजंट बायकोला आणि लेकीला एक घर दाखवायला नेणार होता. चेकर नऊलाच वही घेऊन त्या इमारतीच्या मागच्या अंगणात हजर. पहिल्या दोरीवर नुसते बेचाळीस नंबरचे शर्ट. (नापास.) दुसरीवर चादरी. आणि तिसरीवर, त्याचा विश्वासच बसेना, एका ओळीत चोवीस नंबरचे चार फ्रॉक! चार मैत्रिणी! त्याचा ऊर भरून आला. तो जवळ गेला. पाहतो तर पिवळ्या फ्रॉकच्या बाहीला वीतभर सैल दोरा लोंबतोय. आता सैल दोरा दिसल्यावर चेकरचा हात थांबतो थोडाच? त्याने खिशातली छोटी कात्री काढली.

"हात वर!"

तळमजल्याच्या खिडकीत निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या. चाळीस वर्षं वर्ग गप्प केलेला तो आवाज. चेकरने हात वर केले. एका हातात कात्री, दुसऱ्यात फ्रॉक.

"काय चाललंय?"

"साइज बघतोय."

"कुणाची?"

"माझ्या मुलीची."

"मग तिचा फ्रॉक बघा! आमच्या दोरीवर काय आहे?"

"नाही, म्हणजे, मला चार पाहिजेत ना..."

"चार?" बाईंनी वर तोंड करून हाक मारली, "खाली या गं सगळ्या! गेल्या महिन्यापासून कपडे नेणारा सापडला! चारचार नेतो मेला!"

दोन मिनिटांत अंगण भरलं. कुणी लाटणं घेऊन आली, कुणी केरसुणी. एकीने त्याच्या खिशातली वही हिसकावून मोठ्याने वाचली, "'तिसरी दोरी, चोवीस नंबर, चार नग.' अगंबाई, हा तर यादी करून चोरतो!"

"ताई, मी शास्त्रीय..."

"गप्प! बोट तोंडावर!"

चेकरने बोट तोंडावर ठेवलं. त्याच क्षणी एजंट फाटकातून आत आला. "आणि हे मागचं अंगण, वहिनी. अतिशय सुरक्षित."

मुख्याध्यापिकांनी बायकोला विचारलं, "हे तुमचे?"

बायकोने एक लांब श्वास घेतला. "आहेत. पण घर मी घेणार आहे."

मग ती अंगणातल्या बायकांशी बोलली. फक्त चार बायकांशी. दहा मिनिटांत तिला शाळेची वाट कळली, डॉक्टर कळला, पाणी किती वाजता येतं ते कळलं आणि हेही कळलं की ते चारही फ्रॉक एकाच मुलीचे आहेत. पोरगी चिखलात लोळून दिवसाला चार बदलते. एजंटसमोर घर पक्कं झालं.

तेवढ्यात पाचवा फ्रॉक घातलेली ती मुलगी जिन्यावरून धडधडत खाली आली. तिने लेकीला पाहिलं. लेकीने तिला पाहिलं. कुणी काही विचारायच्या आत दोघी गुडघाभर चिखलात होत्या.

कोपऱ्यात तोंडावर बोट ठेवून उभ्या असलेल्या चेकरचे डोळे पाणावले. शेवटी आपल्या पद्धतीनेच मैत्रीण मिळाली! त्याने मोकळ्या हाताने लेकीला हात केला.

"ए, ते फ्रॉकचोर काका तुला हात करतायत," मुलगी कुजबुजली. "तू ओळखतेस त्यांना?"

लेकीने बापाकडे नीट पाहिलं. मग दोन महिन्यांनी मिळालेल्या मैत्रिणीकडे पाहिलं.

"नाही गं," ती म्हणाली. "चल, तुझ्यावर राज्य."