उगवतीकडचा कमोड

उकंडरावांच्या टोंगळ्यांनी, म्हणजे गुडघ्यांनी, वाकणं सोडलं त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरातल्या कमोडपासून हाकेच्या अंतरावर जे काही होतं, तेवढंच त्यांचं जग. थोरली बहीण जनकाबाई तिकडे सोनाळ्याला. दर सोमवारी तिचा फोन येई. "एकडाव तुहं तोंड पाहू दे रे बाबू, मंग मी मोकळी." पण लोणारहून सोनाळा म्हणजे पाच तासांची वाट, आणि जनकाबाईच्या परसात उकिडवं बसायची जुनी सोय. उकंडराव "येतो, येतो" म्हणत, फोन ठेवत आणि टोंगळ्यांकडे पाहत बसत. (टोंगळे काही बोलत नसत.)

मग पुतण्या गोकुळनं पर्यटकांसाठी एका जुन्या गाडीचं घर केलं. आत पलंग, शेगडी आणि मागच्या कोपऱ्यात चक्क कमोड. "काकाजी, उद्या सकाळी सोनाळा," असं म्हणून त्यानं गाडी अंगणात आणून उभी केली आणि तो एका लग्नाला निघून गेला.

पत्नी विमलबाई आत डोकावून आल्या.

"त्याचं तोंड उगवतीकडे हाये."

"कोनाचं?"

"कमोडचं. सूर्यनारायनासमोर बसता काय तुम्ही? बहिनीच्या घरी जाऊन राह्यले न? मी नाही येत असल्या गाडीत."

विमलबाई नाहीत म्हणजे गोळ्या नाहीत, आणि पलंगावरून उठवायलाही कोणी नाही. उकंडराव जन्मात कोणाशी भांडले नव्हते, त्यामुळे जन्मभर त्यांना काम फार पडलं. त्यांनी पाना घेतला.

टोंगळे वाकत नसल्यामुळे हे काम आडवं पडूनच करायचं होतं. पहिला नट निघायला दुपार गेली. दुसरा निघाला तेव्हा कमोड त्यांच्या छातीवर आला, आणि खालच्या टाकीचं भोक उघडं पडलं. विमलबाई नाकाला पदर लावून दाराबाहेर उदबत्ती धरून उभ्या होत्या.

"निंघाला काय?"

"निंघाला," उकंडराव कमोडखालून म्हणाले.

कमोड उलटा फिरवला, तर पाण्याची नळी पुरेना. सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून ती पुरवली. खालचं रबर फाटलं होतं, तिथं घरातलं पांढरं सिमेंट भरलं. सगळं भरलं. सिमेंट आपलं भरवशाचं.

"हालत तं नाही?" विमलबाईंनी विचारलं.

"आता जन्मात हालत नाही."

उकंडराव बसून पाहायला गेले. अर्धे बसले आणि टोंगळ्यांसमोर भिंत आली. वाकत नाहीत त्या टोंगळ्यांना भिंतीत शिरणंही जमेना. त्यांनी पाना डब्यात ठेवला. विमलबाई तिकडे पिशवी भरत होत्या.

सकाळी गोकुळ आला. गाडीचं नाक उगवतीकडे, फाटक मावळतीकडे. त्यानं अंगणातच गाडी वळवली. विमलबाई सूर्याकडे पाहत राहिल्या, मग कमोडकडे.

"पुन्हा तिकडेच झालं हो."

गोकुळनं आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काकाजी, मले सांगतलं असतं तं कालच गाडी फिरवून ठेवली असती."

उकंडरावांना वाटलं, टाकीच्या भोकातून आपणच खाली जावं. पण तिथं आता सिमेंट होतं.

"चाला आता," विमलबाई म्हणाल्या. "लागलंच तं डोळे मिटून बसजा."

पण डोळे मिटल्यानं भिंत हटत नव्हती. उकंडराव पाच तास खिडकीला धरून बसले. चिखली गेलं, खामगाव गेलं. वाटेत दोनदा विमलबाईंनी चहा पुढे केला. त्यांनी मान हलवली, तीही अगदी जपून.

सोनाळ्याला जनकाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तीन वर्षांनी भाऊ दिसला, तिचे डोळे भरून आले.

"बाबू, थांब, ओवाळू दे."

"बाई," उकंडराव म्हणाले, "आंधी परसात."

"जाय न. तुह्यासाठीच बसोला हाये तो खुर्चीवानी कमोड."

"कवा?"

"दोन वर्सं झाले. तुले फोनवर हे कसं सांगू? लाज नाही वाटत मानसाले?"

उकंडरावांनी विचार केला नाही. ते गेले. आतून कडी लागली.

विमलबाई दारापाशी आल्या.

"आवो, त्याचं तोंड कोन्याकडे हाये?"



"उगवतीकडे," उकंडराव म्हणाले. "पन मी डोळे मिटले हायेत."