मासुए आजींचे सात शिक्के

मासुए आजींची मरायची तयारी पूर्ण झाली होती. फक्त सात शिक्के राहिले होते.

वय एक्क्याण्णव. शेवटचा पांढरा किमोनो घडी घालून खालच्या खणात ठेवलेला. अंत्यविधीत ठेवायचा फोटो तर चौदा वर्षांपूर्वीच काढून घेतलेला, कारण "नंतर गाल बसतात" असं त्यांचं म्हणणं. आणि उशाशी निळ्या जरीच्या पुठ्ठ्याची ती वही. देवाला हात जोडून झाले की मंदिराच्या खिडकीत वही द्यायची, आतला माणूस कुंचल्याने देवाचं नाव लिहितो आणि वर तांबडा शिक्का मारतो. आजींनी चाळीस वर्षं पायी हिंडून ती भरत आणली होती. मेल्यावर ती शवपेटीत छातीवर ठेवायची आणि पलीकडे गेल्यावर यमराजासमोर उघडायची. पण मधेच गुडघ्यांनी दगा दिला, आजींनी अंथरूण धरलं आणि शेवटची सात पानं कोरीच राहिली.

"अर्धी वही घेऊन मी जायची नाही," आजींनी जावयाला बजावलं. "सात ठिकाणं उरलीत, जावईबापू. आणि पायी जायचं. गाडीने गेलात तर पुण्य गाडीला."

"आई, माझं पोट बघताय ना?"

"बघतेय. इथं पडल्यापडल्या दुसरं काही दिसतच नाही."

हे जावईबापू म्हणजे कितागाता तेत्सुरो. पाणीखात्यात अडतीस वर्षं मीटर वाचून नुकतेच निवृत्त झालेले. जो आकडा डोळ्यांना दिसतो तोच लिहायचा, हा त्यांचा धर्म. अडतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा अंदाजाने लिहिला नव्हता आणि सासूबाईंना दिलेला एकही शब्द मोडला नव्हता. शब्द मोडायची हिंमत नव्हती हे खरं कारण, पण रेकॉर्ड स्वच्छ होतं.

त्याच सुमाराला गल्लीतल्या व्यायाममंडळाने 'धावता धावता देवदर्शन' अशी जाहिरात लावली. रविवारी सकाळी आठला सुरुवात. नदीकाठ, जुन्या गल्ल्या, किल्ल्याचा चढ, असं बारा किलोमीटर शहर धावत बघायचं आणि वाटेत सात देवस्थानं. योगायोग असा की आजींची राहिलेली सातही त्यात होती. डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलेलंच होतं. एका दगडात दोन पक्षी म्हणून तेत्सुरोंनी नाव नोंदवून टाकलं.

कानाझावा शहरात म्हण आहे, डबा विसरा पण छत्री विसरू नका. त्या नोव्हेंबरच्या रविवारी पाऊस नव्हता, पण साइगावा नदीवरून धुकं असं वर आलं होतं की पलीकडचा काठ नाहीसाच झाला होता. आठ जण जमले. पुढे नारिंगी जाकीट घातलेली, हातात झेंडा घेतलेली मार्गदर्शक निशिदे मिनोरी. वय सव्वीस, आवाज लाउडस्पीकरचा.

"हसत धावायचं! दम लागला तर अजून हसायचं! चला!"

पहिलं मंदिर निर्विघ्न पार पडलं. शिक्का मिळाला, ओल्या शाईवर टिपकागद ठेवला, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कमरेच्या बॅगेत. बॅगेची चेन तेत्सुरोंनी दोनदा ओढून पाहिली.

दुसरं मंदिर चढावर होतं. खिडकीत भटजींची बायको बसली होती. तिने वही उघडली, पान उलटलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, हे तर झालंय."

"काय झालंय?"

"आमचा शिक्का. हा काय. शाई ओली आहे अजून."

तेत्सुरोंनी वाकून पाहिलं. मंदिराचं नाव होतं, आजची तारीख होती आणि तांबडा शिक्का ओला चमकत होता.

"पण मी तर आत्ताच आलो!"

"तुम्ही आत्ता आलात. आजी मघाशी येऊन गेल्या ना. लहानखुऱ्या, जांभळी शाल घेतलेल्या. स्वयंपाकघराच्या दाराने आल्या. मी म्हटलं, आजी, खिडकी पुढे आहे, तर म्हणाल्या, 'माहितीये गं, पण आता मला इथूनच यावं लागतं.'"

तेत्सुरोंच्या घरी अशी एक जांभळी शाल होती. ती ज्यांच्या अंगावर असे, त्या तीन वर्षांत अंथरुणावरून हलल्या नव्हत्या. पण जगात जांभळ्या शाली पुष्कळ. पहिल्या मंदिरातल्या माणसाने चुकून दोन पानं लिहिली असतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या मंदिराचं नाव त्याने का लिहावं, हा प्रश्न त्यांनी मुद्दामच विचारला नाही.

तिसऱ्या मंदिरात वही उघडली तर तिथलंही पान भरलेलं! तिथल्या म्हाताऱ्या भटजींचा हात थरथरतो, ती थरथरसुद्धा अक्षरात जशीच्या तशी होती. तेत्सुरोंनी बॅगेची चेन तपासली. बंद होती.

"कितागातासान!" मिनोरी झेंडा फडकवत आली. "तुमच्याबरोबरच्या आजींचं नाव माझ्या यादीत नाही."

"माझ्याबरोबर कोणीही आजी नाहीत."

"असं कसं? नदीकाठी आपल्या पुढेच होत्या की. धुक्यातून शाल दिसत होती. साडेसहा मिनिटांना किलोमीटर! तेही ओल्या दगडांवर, लाकडी चपला घालून! विमा आहे का त्यांचा?"

"मिनोरीसान, त्यांचा चेहरा पाहिलात?"

"चेहऱ्याचं सोडा, अंगावर चमकणारी पट्टीसुद्धा नव्हती. धुक्यात एखादी सायकल धडकली तर जबाबदार कोण? मी!"

तेत्सुरोंच्या पाठीवरून काटा सरसरला. घाम आलेल्या पाठीवर काटा येणं फार चमत्कारिक असतं.

चौथ्या मंदिरात त्यांनी वही उघडायच्या आधीच विचारलं, "इथे कोणी आजी आल्या होत्या?"

"आल्या होत्या," भटजी चहा ओतत म्हणाले. "आत भांडी वाजली म्हणून मी गेलो. तुमच्या घरातल्या का? अरेरे. कधी गेल्या?"

"गेल्या नाहीत! घरी आहेत!"

"असं?" भटजींनी कप हळूच त्यांच्यापुढे सरकवला. "नाही, म्हणजे आमच्याकडे तसं असतं. माणूस गेलं की निरोप घ्यायला मंदिरात येतं. पुरुष पुढच्या दाराने येतात, बायका स्वयंपाकघराच्या. माझे वडील तर नुसता भांड्यांचा आवाज ऐकून कोण गेलं ते ओळखायचे. घरून फोन मागाहून यायचा. चहा घ्या, गार होईल."

तेत्सुरोंनी चहा घेतला नाही. बाहेर येऊन घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली. त्यांची बायको सुमिए फोन पहिल्या तीन रिंगांत उचलते. या वेळी बावीस रिंगा झाल्या, त्यांनी मोजल्या.

पाचव्या ठिकाणी काय झालं हे त्यांना नीटसं आठवत नाही. वही उघडली, पान भरलेलं होतं, ती मिटली, एवढंच. आत कुठेतरी झाकण पडल्याचा आवाज आला आणि ते तिथून पळत सुटले. मागून मिनोरी ओरडली, "वा, कितागातासान! हाच वेग ठेवा!"

सहावं मात्र बुद्धाचं मंदिर नव्हतं, कामींचं, म्हणजे शिंतो देवांचं, देवस्थान होतं. तांबडी तोरी, म्हणजे देवस्थानाची लाकडी कमान, धुक्यात उभी होती आणि तिच्यासमोर तेत्सुरो गचकन थांबले. घरात सुतक असेल तर तोरीखालून जायचं नाही, हे त्यांना आजींनीच शिकवलेलं.

पुजारी झाडलोट करत बाहेर आले. "या ना आत."

"मला यायचंय. पण सुतक आहे की नाही ते कळत नाहीये."

"म्हणजे?"

"सासूबाई गेल्यात की आहेत हे नक्की माहीत नाही."

पुजाऱ्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "हे बघा, एक काहीतरी ठरवा. गेल्या असतील तर मला तुम्हाला आत घेता येत नाही. आहेत, तर बाहेर उभं राहणं देवाचा अपमान. कशा आहेत दिसायला?"

"लहानखुऱ्या. जांभळी शाल."

"त्या होय! त्या तर आत्ताच गेल्या. याच तोरीखालून आल्या. आधी वाकल्या, मग आल्या. हात धुतले, तोंड धुतलं, सगळं रीतसर."

"इथे पुढून आल्या? मग त्या जिवंत असतील ना?"

पुजाऱ्यांनी विचार केला. "बाई रीतभात पाळणारी दिसली. मेलेली असती तर तोरीखालून आली नसती. पण," ते आवाज खाली आणून म्हणाले, "ओंजळीने पाणी घेतलं त्यांनी, ते खाली मात्र पडलं नाही. म्हणून मी काही सांगू शकत नाही."

आता सातव्याचा विचारच उरला नाही. तेत्सुरो वळले आणि घराकडे धावत सुटले. आजी गेल्या आणि आपण त्यांच्या उशाशी नव्हतो, एवढंच डोक्यात होतं. तीस वर्षं ज्या बाईच्या टोमण्यांना ते भीत आले, ती नाही म्हटल्यावर ते आणखी जोरात धावू लागले.

"कितागातासान, रस्ता चुकलात!" धुक्यातून मिनोरीचा आवाज आला. "पण वेग छान आहे!"

घरात शिरले तेव्हा सुमिए आईच्या उशाशी हात धरून बसली होती. फोन स्वयंपाकघरात होता.

"अहो, हळू. सकाळी आठला झोपली ती हलली नाही. दोनदा वाटलं श्वासच नाही. हात सोडायचा धीर होईना मला."

एवढ्यात आजींनी डोळे उघडले.

"केवढ्या धापा टाकता, जावईबापू! वही आणा इकडे."

त्यांनी एकेक पान उलटलं, बोट लावून मोजलं. शेवटच्या पानावर बोट थांबलं.

"सातवं कोरं आहे."

"आई, मला वाटलं तुम्ही..." तेत्सुरोंचा आवाज फुटला. "मला वाटलं तुम्ही गेलात."

"मला वाटलंच होतं तुम्हाला झेपायचं नाही, म्हणून म्हटलं आपणच हातभार लावावा. नंतर पाय भरून आले, म्हणून एक तुमच्यावर सोडलं. एक! तेवढंही जमलं नाही?"

मग त्यांनी भाताची पेज मागितली आणि दोन वाट्या प्यायल्या. सुमिए त्यांचे पाय चेपायला बसली आणि नवऱ्याकडे बघतच राहिली. तीन वर्षं कापसासारख्या मऊ पडलेल्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर सुमिए भांडी घासता घासता म्हणाली, "अहो, ते सातवं... घाई आहे का?"

तेत्सुरो ताट पुसत होते. "आई म्हणाल्या होत्या, अर्धी वही घेऊन मी जायची नाही."

"तेच म्हणतेय मी."

पुढच्या रविवारी तेत्सुरो बूट घालून मिनोरीच्या मंडळीबरोबर निघाले. नदी पाहिली, किल्ला पाहिला, पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून बांधलेले दोर पाहिले. मग दर रविवारी तसंच. फक्त सातव्या मंदिराच्या कोपऱ्यावर आले की ते बुटाची नाडी बांधायला बसत आणि बाकीचे आत जाऊन येत.

"झालं?" संध्याकाळी आजी विचारीत.

"आज तिथे कोणाचं तरी वर्षश्राद्ध होतं, आई."

एकदा भटजींना सर्दी झाली. एकदा छपराचं काम निघालं. एकदा तर शिक्क्यावर मांजर बसलं होतं आणि उठेना. आजी सगळं ऐकून घेत आणि पेज मागत. वर्ष गेलं. आजी ब्याण्णवच्या झाल्या आणि जावयाचं पोट नऊ किलोने उतरलं.

पण खोटा आकडा तेत्सुरोंना पचेना. आज ना उद्या आजी जाणारच. त्या खऱ्याच गेल्या आणि यमराजासमोर ते कोरं पान उघडलं, तर दोष कोणाचा? दिलेला शब्द मोडला कोणी? दुसऱ्या नोव्हेंबरात एका रविवारी ते नाडी बांधायला बसले नाहीत. छातीवर दगड ठेवून सरळ सातव्या मंदिरात गेले आणि खिडकीत वही दिली.

भटजींनी कुंचला शाईत बुडवला, मग वही उलटून मागचं आजींचं नाव वाचलं आणि कुंचला परत ठेवला.

"माफ करा. शाई संपली."

"तुमच्यासमोर आहे की!"

"आहे. पण संपली असं सांगायचं ठरलंय."

"कोणाशी?"

"त्यांच्याशीच. वर्षभर दर रविवारी तुमच्या आधी येतात. मागच्या दाराने. मी म्हटलं, आजी, आणा वही, लिहून टाकतो. तर म्हणाल्या, 'नको. आमचे जावईबापू नाडी बांधायला बसतात तिथे बाहेर, ते बघून मी परत जाते. कधी आत आलेच तर शाई संपली म्हणून सांगा. त्यांनी बिचाऱ्याने आणखी किती खोटं बोलायचं?'"

तेत्सुरोंनी वही छातीशी धरली आणि खिडकीपाशीच उभ्या उभ्या रडले. भटजी दुसरीकडे बघत राहिले. आत कुठेतरी कोणीतरी भांडं अगदी जपून खाली ठेवलं. तेत्सुरो बघायला आत गेले नाहीत.

घरी आले तेव्हा आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"झालं?"

"नाही, आई. शाई संपली होती."

"एवढ्या मोठ्या मंदिरात शाई नाही! काय दिवस आलेत." आजींनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मग तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाला अरेतुरे केलं. "पुढच्या रविवारी जरा सावकाश धाव रे. मंदिरामागच्या उतारावर शेवाळ आलंय."