नलावड्यांचं उधारीचं कार्ड

नवीन माणसाशी ओळख झाली की बाबूराव नलावडे नमस्कार करून सांगत, "मी नलावडे. कंपनीत स्टोअर्सला असतो. दिवाळखोर आहे."

समोरचा हसायचा. मग तितक्याच शांतपणे ते पुढं म्हणत, "थट्टा नाही. कोर्टानं जाहीर केलेला."

चिंचवड स्टेशनजवळच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत एकटे राहत. माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी अशीच ओळख करून दिली, तेव्हा सासऱ्यांनी उचललेला कप पुन्हा बशीत ठेवला. मी नंतर चिडलो. "अहो, न विचारता कशाला सांगता?"

"मागून कळलं की माणसाला फसल्यासारखं वाटतं. आधी सांगितलं की हिशोब साफ."

'हिशोब साफ' हे त्यांचं पालुपद. न्हाव्याच्या खुर्चीत बसायच्या आधी ते पैसे त्याच्या हातावर ठेवत. माझ्या बायकोनं वाटीभर आमटी नेली, तर आधी तिला मूठभर शेंगदाणे देत आणि मगच वाटीला हात लावत. ती म्हणायची, "यांच्याशी शेजारधर्म करायचा म्हणजे दुकान चालवल्यासारखंच आहे."

एके काळी पिंपरीत त्यांचं स्वतःचं वर्कशॉप होतं. दोन लेथ, तीन कामगार. एका मोठ्या कारखान्याला बोल्ट पुरवायचे. मंदी आली, ऑर्डर थांबली, लेथ विकले गेले आणि शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागली. त्याच सुमारास त्यांची बायको, कमलाबाई, चाकणला भावाकडे गेली ती परत आलीच नाही. एवढं चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं.

सत्तरच्या दशकात कंपनीच्या कामगारांनी ग्राहक भांडार काढलं. सभासदाला एक पिवळं कार्ड मिळायचं. ते दाखवून महिनाभर वाणसामान न्यायचं, पैसे पगारातून कापले जायचे. संध्याकाळी भांडाराची वही मी सांभाळायचो. पहिल्याच आठवड्यात बाबूराव अर्ज घेऊन आले. मी चकित झालो. उधारीच्या वाऱ्यालाही उभा न राहणारा हा माणूस!

अर्जात एक प्रश्न होता, 'यापूर्वी दिवाळखोर ठरला आहात काय?' बाकीच्यांनी न वाचताच 'नाही' ठोकलं होतं. बाबूरावांनी 'होय' लिहून कोर्टाच्या हुकमाची नक्कल जोडली होती, वर सुवाच्य अक्षरात तीन पानी खुलासा.

"बाबूराव, 'नाही' लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना."

अर्ज नामंजूर झाला. त्यांनी पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला, तेव्हा भांडाराच्या समितीनं त्यांना समोर बोलावलं. "जामीन आणा," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचे शेजारी इथंच बसलेत. ते करतील का सही?"

बाबूराव माझ्याकडे वळले. मी पेनचं टोपण शोधू लागलो. टोपण पेनालाच होतं, तरी मी ते बराच वेळ शोधत होतो.

"राहू द्या, त्यांना संसार आहे," बाबूरावच म्हणाले.

समितीत मशीन शॉपचे कांबळे होते. पूर्वी ते बाबूरावांच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. ते उठले. "मालक, आणा इकडं कागद." मग सेक्रेटरींकडे बघून म्हणाले, "यांचं वर्कशॉप बुडालं तवा सगळ्या बाजाराचं बुडालं. आमचा पगार न्हाई बुडाला. घरातलं किडूकमिडूक विकून दिला यांनी. मला ठावं हाय."

कांबळ्यांनी सही केली. मी खाली बघून वहीवर रेघा ओढत बसलो.

कार्ड तयार करताना मी विचारलं, "माल न्यायला कोण येणार? नाव लिहावं लागतं."

"सौ. कमल बाबूराव नलावडे."

मी वर पाहिलं. भांडारात तेव्हा कुणी नव्हतं. बाबूराव काउंटरवरचे तांदळाचे दाणे बोटानं एकत्र करत हळू बोलू लागले.

"शेवटी शेवटी वाण्याकडं मीच तिला पाठवायचो. मला तोंड दाखवायची लाज वाटायची. एकदा त्यानं मोजून दिलेली ज्वारी तिच्या पिशवीतनं परत ओतून घेतली. दुकानात सात-आठ बाया होत्या. रिकामी पिशवी घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी चाकणची एसटी धरली." त्यांनी जमवलेले दाणे काउंटरच्या कडेला सारले. "तिच्या पिशवीत पुन्हा कुणी हात घालू नये, एवढंच."

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते चाकणला गेले. संध्याकाळी परतले ते एकटेच.

"भेटल्या?"

"भेटली. चहा दिला. कार्ड वाचलं. तिच्याकडेच ठेवून आलो."

"अहो, ते चाकणला चालत नाही. फक्त इथल्या भांडारात चालतं."

"म्हणूनच ठेवलं," बाबूराव म्हणाले.

पुढं मी भांडारात होतो तोवर, दर एक तारखेला पाळी संपली की ते यायचे. चष्मा पुसून विचारायचे, "माझ्या कार्डावर कुणी काही नेलंय का हो?"

मी त्यांचं पान उघडायचो. ते कोरं आहे हे मला पाठ होतं, तरी एकेक ओळीवरून बोट फिरवत मी सावकाश शेवटपर्यंत जायचो.