गँगमनने गायब केलेल्या आठ बायका

'सूक्ष्मदृष्टी, तीक्ष्णबुद्धी, अपयश अज्ञात' अशी पाटी आमच्या साहेबांनी स्वतःच सुचवून स्वतःच्याच दारावर लावली. ती उलटी लागलीय हे चौथ्या दिवशी पोस्टमनने सांगितलं. "गुन्हेगारांना चकवायला मुद्दामच लावली होती," साहेब म्हणाले. मी त्यांचा मदतनीस. माझं काम 'वा साहेब' म्हणणं.

परवा एक सत्तरीचे शिंपीकाका आले. मांडीवर पत्र्याची पेटी.

"आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. फोटोसुद्धा नाही," काका म्हणाले. "बाबा रेल्वेत गँगमन. रूळ दुरुस्त करण्यात जन्म गेला, सारख्या बदल्या. आईचा विषय निघाला की उठून जायचे. तिची माणसं कुठे सापडतील का हो? ती दिसायची कशी, एवढं कळलं तरी पुरे."

पेटीत रेल्वेच्या फुकट पासासाठी केलेल्या अर्जांच्या आठ नकला निघाल्या. आठ वर्षांच्या आठ. स्टेशन दर वेळी तेच, एक आडबाजूचं बारकं. जाताना: स्वतः व पत्नी. येताना: स्वतः.

साहेब ताडकन उभे राहिले. "हेर! शत्रूला रुळांचे नकाशे पोचवायचा!"

"बायकोला घेऊन?" मी विचारलं.

"बरोबर. हेर नाही." साहेबांनी डोळे मिटले. डोळे मिटले की मला धडकी भरते. "गेले दोघे, आला एकटा. पुढच्या वर्षी पुन्हा दोघे, पुन्हा एकटा! म्हणजे दर वर्षी नवी बायको, आणि दर वर्षी तिचा काटा काढला!"

"पण साहेब, आठही अर्जांवर बायकोचं नाव एकच आहे."

"हाच तर त्याचा कावा! नाव तेच ठेवायचं, बायको बदलायची!"

वा साहेब. पण या वेळी ते तोंडातून निघेना, कारण शिंपीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे माझी आई..."

"आठवी," साहेब प्रेमाने म्हणाले. "शेवटची. अभिनंदन."

काकांनी कागद गोळा केले. "मुंगी मारायचे नाहीत हो माझे बाबा. राहू द्या तुमचा तपास. नाही कळलं तर नाही कळलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, "पाय वर घ्या." कचेरी झाडणाऱ्या मावशी. पाय वर घेतल्यावर त्या म्हणाल्या, "माहेरी सोडून येत असेल की बायकोला. रजा दोन दिवसांची, तो राहणार कसा? महिन्याने भाऊ आणून घालत असेल. आमचे हे नाही का तस्सेच करत? काय बाई एकेक डोकी!"

साहेबांनी पाय हळूच खाली घेतले. मग म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो."

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्या स्टेशनात उतरलो. स्टेशनमास्तरांनी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या हमालाला बोलावलं; आईचं नाव आणि 'गँगमनला दिलेली' एवढं सांगितल्यावर त्याने पलीकडची गल्ली दाखवली. तिसऱ्या घराच्या ओट्यावर नव्वदीला टेकलेल्या एक आजी शेंगा सोलत बसल्या होत्या. काकांच्या आईची धाकटी बहीण!

"ताईचा मुलगा?" त्यांच्या मांडीवरच्या शेंगा सांडल्या. "मेल्या, किती शोधलं रे तुला! ताई गेली, तुझ्या बापाची बदली झाली, आमची पत्रं परत यायला लागली. तो तरी काय करणार? ताईवर जीव होता त्याचा. तिच्याशिवाय या दारात यायचं धाडस झालं नसेल." मग साहेबांकडे बघून, "हे कोण?"

"असेच बरोबर आलेत," काका म्हणाले. साहेब खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचायला लागले.

काका आजींच्या पायाशी बसले. "मावशी, आई दिसायची कशी गं?"

आजींनी त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"अगं बाई! सत्तर वर्षांचा झालास आणि मला विचारतोस? आरसा नाही का रे तुझ्या घरात?"

काका तिथेच हमसून हमसून रडायला लागले.