भिंतीलगतचं पाणी

नळीतून जाणारं पाणी असो की रुग्णालयात येणारी माणसं, शिस्तीशिवाय गती नाही. माझी बायको गेल्याचं मला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी रुग्णालयाला ‘सुरळीत प्रवाहा’चं मानपत्र मिळालं. दोन्ही बातम्या चौकशीच्या खिडकीतल्या एकाच बाईंनी, एकाच आवाजात दिल्या. (आवाज चढवायला तिथे मनाई आहे.)

विषयातलं मला थोडं कळतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी बत्तीस वर्षं मदतनीस होतो. काचेच्या नळीत पाणी सोडायचं, मधोमध जांभळ्या शाईची बारीक धार. तोटी जराशी उघडली तर धार दोऱ्यासारखी सरळ जाते. पाण्याचे थर एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. हा संथ प्रवाह. तोटी जास्त उघडली की धार थरथरते, मोडते, शाई नळीभर होते. हा खळबळीचा. मुलांना संथ आवडायचा. वहीत काढायला सोपा.

आमच्याच कॉलेजच्या सरांनी रुग्णालयाला सल्ला दिला. जमिनीवर पिवळ्या रेषा आल्या. मधली वाट ओळखीच्यांची (फलकावर ‘पूर्वनोंदणी’), तिच्या शेजारची फेरतपासणीची, आणि भिंतीलगत बाकावर नवे रुग्ण. अहवाल सांगतो, सरासरी थांबणं चाळीस मिनिटांवर आलं. संथ प्रवाहात मधलं पाणी सरासरीच्या दुप्पट वेगानं जातं आणि भिंतीला टेकलेलं जागचं हलत नाही. पुस्तकात आहे. सरांना माहीत होतं. मलाही होतं.

आम्ही नवे. गल्लीतल्या डॉक्टरांनी हिच्या छातीला नळी लावून चिठ्ठी दिली होती: निरोगी रक्त मुकाट्यानं वाहतं, हिच्या झडपेपाशी खळबळ ऐकू येते, आजच दाखवा. नऊपासून आम्ही बाकावर होतो. साडेदहाला हिचे ओठ काळसर दिसायला लागले, म्हणून मी उठलो.

“अहो, बसा,” ही म्हणाली. “लोक बघतायत.”

बसलो.

अकराच्या सुमाराला एक सासूबाई सुनेला धरून सगळ्या रेषा तुडवत आल्या. “सरका रे, पोरगी पांढरी पडलीय माझी!” सगळ्यांनी हरकत घेतली. सगळ्यांत मोठ्यानं मी.

“बाई, आम्ही काय मूर्ख म्हणून बसलोय इथे?”

त्या थेट डॉक्टरांच्या दारावर बुक्क्या मारायला लागल्या. चार मिनिटांत सून आत होती. ती बरी आहे म्हणतात. अहवालात नोंद आहे: ‘व्यत्यय: एक’.

सव्वा वाजता हिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. मग मात्र तिला मधल्या वाटेनं नेलं, चाकाच्या खाटेवरून. न सांगता सगळे बाजूला झाले. व्यवस्थेला नावं ठेवायला जागाच नाही.

तुम्ही त्या दिवशी तिथे होता का, मला माहीत नाही. नसलात, तर दुसऱ्या कुठल्या तरी रेषेच्या अलीकडे, हातात कागद धरून होता. मी मध्ये घुसलो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात, “काका, लाइनीत या.” आणि मी आलो असतो.

बाकापासून दारापर्यंत चौदा पावलं आहेत. ती टाकायची राहिली.