मिचेलादात व्हॅनिला

"नीटनेटकेपणा, नीटनेटकेपणा! एक दिवस हाच जीव घेणार आहे सगळ्यांचा," ओफेलियाबाई फ्रिजच्या दारामागे तोंड घालून पुटपुटल्या.

त्यांची सून यादिरा त्यांच्या कोपराशीच उभी होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं. तिचा चेहरा पडला. मेक्सिकोतल्या माँतेर्रे शहरातल्या या घरी रविवारी अंगणात मांस भाजत, आणि लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच रविवार. आपल्या हातून काहीतरी चांगलं घडावं म्हणून ती पहाटे उठून स्वयंपाकघर आवरत बसली होती. बाटल्या उंचीप्रमाणे, डबे आकाराप्रमाणे आणि भाज्या रंगाप्रमाणे लावल्या होत्या. माहेरहून, पापान्त्लाहून, आईने दिलेली व्हॅनिलाची मोठी काळी बाटलीही तिने कौतुकाने दर्शनी भागात मांडली होती.

"काही चुकलं का?" तिने विचारलं.

"चुकलं कसलं, पोरी. छानच दिसतंय," असं म्हणत ओफेलियाबाई घाईघाईने बाटल्यांची उलटापालट करू लागल्या. तेवढ्यात अंगणातून सासरे आत आले. डॉन एवारिस्तो सकाळपासून विस्तवाजवळ होते. मेस्कितेच्या लाकडाच्या धुराने त्यांचं नाक चोंदलं होतं, आणि कपाळावर काजळीची रेघ होती.

"सर, ओफेलिया. मिचेलादा करायचीय. खारट-तिखट बिअरशिवाय कसला रविवार?"

"आज मी करते ना."

"तू?" त्यांनी असं काही विचारलं, की जणू बाईंनी त्यांची विजारच मागितली होती.

ते फ्रिजकडे किंवा फळीकडे न बघताच कामाला लागले. हात लांब केला की हवी ती वस्तू हाताला लागायची, ही त्यांची जुनी सवय. पेल्यांच्या कडांना लिंबू फिरवलं आणि मिठाच्या जागेवरच्या डब्यातल्या पुडीत कडा बुडवल्या. लिंबं पिळली, सॉसच्या जागेवरच्या काळ्या बाटलीतून सढळ हाताने धार सोडली, तिखट सॉस घातला आणि वर बिअर. ओफेलियाबाई दोनदा तोंड उघडून गप्प बसल्या. हे त्यांना झालंय तरी काय, यादिराला कळेना.

अंगणात पेले वाटले गेले. डॉन एवारिस्तोंनी आपला पेला शेगडीच्या कठड्यावर ठेवला. शेवटचा तुकडा विस्तवावरून उतरेपर्यंत ते पेल्याला तोंड लावत नसत.

यादिराचा नवरा हेरिबेर्तो याने पहिला घोट घेतला आणि त्याच्या भुवया टोपीत गेल्या.

"अपा," तो वडिलांना म्हणाला, "आज काही औरच जमलंय."

"औरच," ओफेलियाबाईंचा भाऊ क्लेतोमामा म्हणाला आणि आत कुणी पोहतंय का, हे पाहावं तसा पेल्यात वाकून बघू लागला.

"मला तर नाताळच आठवला," नणंद नोएमी म्हणाली आणि लगेच कळवळली. टेबलाखाली आईचा पाय पोचला होता.

यादिराने घोट घेतला. कडेला मिठाऐवजी दालचिनीची साखर! आणि खाली? खाली काळ्या सॉसऐवजी तिच्या आईचं आख्खं स्वयंपाकघर होतं.

"अरे, यात व्हॅनिला आहे," ती नवऱ्याच्या कानात म्हणाली.

"हळू बोल."

"पण बिअरमध्ये?"

"पी ना गुपचूप."

"तुमच्याकडे असंच पितात?"

"आजपासून," हेरिबेर्तो म्हणाला.

ती पुरती गोंधळली. ही आपल्या आईच्या बाटलीची टिंगल तर नाही? पण कुणी हसत तर नव्हतं! उलट, पोरांनी औषध घ्यावं तसे सगळे डोळे मिटून पीत होते.

मग सासऱ्यांनी पेल्यांवर ठेवायच्या काड्या आणल्या. प्रत्येक काडीवर भाजलेली कोळंबी, अननसाचा तुकडा आणि एक छोटी नारिंगी मिरची. नारिंगी गोड मिरच्या नोएमीने आणल्या होत्या, आणि नारिंगी जहाल मिरच्या क्लेतोमामाने. रंग एक म्हणून यादिराने त्या एकाच ताटलीत ठेवल्या होत्या. हे तिला आठवलं तेव्हा क्लेतोमामाचे कान लाल झाले होते.

"धूर," मामा डोळे पुसत म्हणाला.

"फारच धूर," नोएमी हुंदका देत म्हणाली.

हेरिबेर्तोला बोलताच येईना. त्याने नुसती मान हलवली.

डॉन एवारिस्तो वरमले. "लाकूड तर चांगलं वाळलेलं होतं. थांबा, शेगडीच सरकवतो तिकडे." आणि त्यांनी जळत्या शेगडीच्या दिशेने चाचपडत उघडा हात पुढे केला.

"एवारिस्तो!" ओफेलियाबाई किंचाळल्या.

यादिराने झेप घेऊन त्यांचं मनगट धरलं आणि घाबरून, चिडून मामावरच ओरडली, "कुठाय धूर? सगळा शेजारच्यांच्या भिंतीकडे चाललाय! दिसत नाही का तुम्हाला?"

कुणीतरी काचेचं भांडं फोडावं तसे सगळे गोठले. नोएमीचा हुंदका अर्ध्यातच अडकला. बाईंनी डोळ्यांवर हात घेतला. मामाला साधा प्रश्न विचारला तर एवढं काय झालं, यादिराला समजेना. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं, मामाकडेही नाही. सगळे सासऱ्यांकडे बघायचं टाळत होते. मग तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. बोटं विस्तवापासून वीतभरावर होती, आणि ती अजूनही कठडा शोधत होती.

सासऱ्यांनी मनगट सोडवलं नाही. "माझा पेला दे," ते तिला म्हणाले.

"पण मांस अजून..."

"दे गं."

त्यांनी घोट घेतला. तोंडात घोळवला. काडीवरची मिरची चावली, आणि हळूहळू त्यांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "मला दिसत नाही. बरेच दिवस झाले. पण या सगळ्यांच्या जिभा कधी गेल्या, ते सांग."