कुटुंबाला एकच कागद

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. विमानातून उतरलाय, पाय भोपळ्यासारखे सुजलेत, समोर मारुतीच्या शेपटाएवढी रांग आहे, आणि तुमचे वडील छाती फुगवून म्हणताहेत, "काळजी कसली? या देशाचा कायदा मी तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलाय!"

ते वडील म्हणजे मी.

ही २०१० सालची गोष्ट. आम्ही तिघं पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरच्या माझ्या सासरहून बॉस्टनला परतत होतो. मी, माझा नवरा दुआर्ते आणि आमची आठ वर्षांची नेल. आमच्याकडे येण्याआधी नेलला दोन घरांनी ठेवून घेतलं आणि परत पाठवलं होतं. दर वेळी कुणीतरी तिला विचारायचं, "तू कुणाबरोबर जाणार?" दत्तक घेतलं त्या दिवशी मी तिला वचन दिलं, हा प्रश्न तुला पुन्हा कुणीही विचारणार नाही!

विमानात कस्टमचा कागद वाटला, सोबत काय सामान आणलंय ते लिहायचा. एका कुटुंबाने एकच भरायचा. मी ऐटीत तिघांची नावं लिहिली.

"दोन भरूया का?" दुआर्ते कुजबुजला. "उगाच कटकट नको."

"आपलं लग्न झालंय की नाही?"

"झालंय रे."

"कायद्याने?"

"हो, कायद्याने! सुरू झाली तुझी शाळा."

उतरल्यावर कस्टमच्या खिडकीतल्या साहेबांनी कागद पाहिला, मग मला, मग दुआर्तेला.

"तुम्ही यांचे कोण?"

"नवरा!"

"आणि हे तुमचे?"

"नवराच!"

"मॅसॅच्युसेट्समध्ये असाल."

"अहो, आपण मॅसॅच्युसेट्समध्येच उभे आहोत!"

"ते बाहेर. इथे केंद्राचा कायदा."

इथे तरी मी गप्प बसावं ना! पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी रांगेकडे तोंड केलं आणि धडा सुरू! "लग्न लावून देतं राज्य. पण वॉशिंग्टनच्या कायद्यात जोडपं म्हणजे एक पुरुष आणि एक बाईच. म्हणून राज्यात आम्ही विवाहित, पण केंद्रासमोर..."

"केंद्रासमोर?" साहेबांनी विचारलं.

"...अविवाहित," मी म्हणालो.

मागच्या बाईंनी मान डोलावली. "आत्ता कळलं! म्हणजे तुम्ही एक कुटुंब नाहीच." तीस वर्षांत माझा धडा इतक्या चटकन कुणालाच समजला नव्हता!

"शाब्बास, गुरुजी," दुआर्ते म्हणाला. "मोडलास संसार."

"नियम काही मी केलेला नाही हो," साहेब म्हणाले. "दोन कागद करा. एक जण आता, दुसरा रांगेच्या शेवटी. बॅगेत काय आहे?"

"चीज. सासूबाईंनी दिलेलं," मी म्हणालो.

"इथे तुम्हाला सासूबाई नाहीत."

दुआर्तेने कपाळावर हात मारला. "हे आईला सांगू नकोस हं!"

"आणि मुलगी?"

"माझ्याबरोबर!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो.

साहेबांनी उसासा टाकला. वाकून अगदी प्रेमाने विचारलं, "बाळ, तू कुणाबरोबर जाणार?"

नेल रडली नाही. तिने मुकाट्याने पाठीवरच्या पिशवीचे पट्टे घट्ट ओढले, पाठवणी होणार हे ठाऊक असलेलं मूल ओढतं तसे. शेवटी मीच म्हणालो, "दुआर्तेबाबाबरोबर जा," आणि तिचा हात सोडला.

रांगेच्या शेपटाच्या टोकावरून मला ती दोघं दिसत होती. बाहेरचं काचेचं दार आपोआप सरकलं. दुआर्ते गेला. नेलने बाहेर पाहिलं, मागे वळून मला शोधलं. दार मिटायला लागलं, तशी ती एक पाय बाहेर आणि एक पाय आत ठेवून मधोमध उभी राहिली.

"पप्पा, लवकर ये!" ती ओरडली. "इकडे तुमचं लग्न झालेलं आहे!"

माझ्यापुढे अख्खी रांग होती. दार मिटायला बघायचं, तिला अडून परत उघडायचं. "बाजूला हो बेटा," पहारेकरी म्हणाला.

ती हलली नाही.